चटणीतलं दुःख

“ते सगळं बराबर हाये जी, पण यात दुःख कुठी हाये?”

समोर बसलेला माणूस किराणा दुकानाचा मालक असो, सायकल दुरुस्तीवाला असो किंवा पिठाच्या गिरणीवाला, हा प्रश्न ठरलेला. विचारताना ते चष्मा कपाळावर सरकवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि डॉक्टरनं पोट दाबून पाहावं तसे त्या माणसाच्या चेहऱ्यावर दुखरी जागा शोधायचे. माणूस गोंधळून म्हणायचा, “दुःख नाई जी, बिस्किटं हायेत.” यावर ते मान हलवायचे. रोग्यानंच रोग लपवला तर उपचार कसा करायचा, असा तो भाव.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या बसस्टँडसमोरच्या ओळीत त्यांचा एका शटरचा गाळा होता. आमच्या वर्तमानपत्राचं तालुका कार्यालय त्याला लागूनच, मधली भिंत एकच. ‘कार्यालय’ हा शब्द आमच्या जागेला जितका शोभायचा, तितकाच त्यांच्या पाटीवरचा ‘जाहिरात व व्यवसाय सल्ला केंद्र’ त्यांच्या जागेला. आत एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक भोंगा आणि जाहिरातीचा आवाज भरायला एक मोबाइल. बसचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून आवाज भरताना ते डोक्यावरून घोंगडी घ्यायचे. भिंतीपलीकडून घोंगडीतले हुंदके ऐकू आले, की आम्ही समजायचो, कोणाच्या तरी मालाची जाहिरात तयार होते आहे.

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. इथंही तेच म्हणू.

भाऊंचा मूळ धंदा नाटकाचा. धानाची कापणी झाली की आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि मंडपात रात्रभर नाटक चालतं. नाटकात सासू छळते, नवरा सोडून जातो, बहीण भावाच्या दारात पदर पसरून उभी राहते. प्रेक्षक रडतात आणि मनासारखं रडायला मिळालं की तिकीट वसूल झालं असं समजतात. भाऊंनी स्वतः दोन नाटकं लिहिली. दोन्ही पडली. पण दुसऱ्यांच्या नाटकांना नावं द्यावीत ती त्यांनीच, आणि भोंग्याच्या गाडीतून ती गावभर ओरडावीत तीही त्यांनीच. ‘अर्ध्या रस्त्यात उतरली नवरी’ हे नाव त्यांचं. त्या नाटकात लग्नच नव्हतं. तरी मंडप भरला, आणि मुद्दाम तक्रार करायला कोणी आलं नाही.

पुढे केव्हातरी सरकारनं, बँकांनी आणि व्याख्यात्यांनी मिळून ठरवलं, की लोणचं घालणाऱ्या बाईनं नुसतं चांगलं लोणचं घालून भागणार नाही, तिच्याजवळ ब्रँड पाहिजे. आमच्या जिल्ह्यात जंगल आहे, कोळसा आहे, बल्लारपूरला कागद आहे. ब्रँड नव्हता. भाऊंनी ती उणीव हेरली आणि गाळा भाड्यानं घेतला.

त्यांचे सगळे सल्ले वाया जाणारे होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुकानाच्या पाटीवर देव, स्वर्गवासी वडील आणि निवडून आलेला माणूस अशा तिघांचे फोटो असले, की माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळत नाही, हे त्यांनी सांगितलं. तिघांपैकी एकालाच ठेवा, असं म्हटल्यावर दुकानदार वडिलांना काढायचे. पाटी रंगवून झाली की रस्त्याच्या पलीकडून सायकलवर जाता जाता वाचून पाहा, हेही त्यांचंच. अक्षरांना वेलबुट्टी काढणाऱ्या पेंटरला ते म्हणायचे, “लग्नपत्रिका करून राह्यला काय बे? त्याले पंक्चर काढायचं हाये.” एका हॉटेलवाल्यानं पाटीवर इडलीपासून बिर्याणीपर्यंत सगळं लिहिलं होतं. भाऊंनी विचारलं, “यातलं आज काय भेटन?” तो म्हणाला, “आलूबोंडा.” भाऊंनी बाकी सगळं पुसायला लावलं. ते हॉटेल अजून चालतं.

इथंच थांबले असते तर जिल्ह्याला एक बरा सल्लागार मिळाला असता. पण दुःखाशिवाय त्यांना जाहिरात पुरी झाल्यासारखी वाटत नसे.

गादीवाले रहीमभाई त्यांच्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी. कापूस पिंजून गाद्या भरण्यात ते मुरलेले.

“रहीमभाई, गादीत काय हाये?”

“कापूस.”

“नाई. गादीत पोरीची आठवन हाये. पोरगी सासरी गेली, तिची गादी घरात तशीच पडून हाये. माय रोज तिच्यावर हात फिरवते.”

“भाऊ, माझी पोरगी माझ्याच घरी राहते. जावई पण माझ्याच घरी राहतो. माझ्याच गादीवर झोपतो.”

“ते तुमचं नशीब. गिऱ्हाइकानं काऊन भोगायचं?”

जाहिरात भोंग्यावरून आठवडी बाजारात फिरली. दुसऱ्या दिवसापासून लोक रहीमभाईंना विचारायला लागले, की सासरी गेलेल्या पोरींच्या वापरलेल्या गाद्या स्वस्तात मिळतात त्या इथंच काय. रहीमभाईंनी जाहिरात बंद केली, पण चहाला ते रोज भाऊंकडेच यायचे. “आदमी अच्छा है,” ते म्हणायचे, “बस, खुशी उसको हजम नहीं होती.”

अशात तहसीलच्या सभागृहात बचत गटांच्या बायांसाठी ब्रँडिंगचं शिबिर झालं. पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर परदेशातल्या कॉफीच्या दुकानाचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, “लोक वस्तू विकत घेत नाहीत, वस्तूमागची कहाणी विकत घेतात.” समोर पापड, कुरड्या आणि मोहाचे लाडू घेऊन बसलेल्या बाया त्या कॉफीकडे पाहत होत्या. मागच्या रांगेत भाऊ उठून उभे राहिले आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी ते त्यांच्याजवळ गेले.

“म्याडम, अगोदर नाटकात होते काय जी तुम्ही?”

“नाही, मी एमबीए केलंय.”

भाऊंनी नंतर मला भिंतीपलीकडून ऐकवलं, “येवढी शिकलेली पोरगी, पन बराबर बोलली.” बाई दुपारच्या गाडीनं पुण्याला परतल्या. कहाणी सांगण्याचं काम इथं भाऊंवर राहिलं.

त्या शिबिरात इंदूबाई बसल्या होत्या. वैनगंगेच्या काठच्या एका गावात त्या जवसाची चटणी करायच्या. जवस भाजणं, लसूण-तिखट-मिठाचं माप त्यांचं. उखळात कुटणं नवऱ्याचं. नवऱ्याचं नाव वासुदेव. उंच, हाडानं रुंद, बोलायला कमी. मिक्सरमध्ये फिरवलेल्या चटणीला तेल सुटत नाही, हे त्याचं जगाबद्दलचं एकमेव ठाम मत होतं. चटणी चांगली होती. गावाबाहेर ती कोणालाच ठाऊक नव्हती, एवढीच अडचण. शिबिर झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंदूबाई भाऊंच्या खुर्चीत येऊन बसल्या. वासुदेव चटणीची थैली घेऊन बाहेर उभा. भाऊंनी चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि तपासणी सुरू केली. आमच्यातली भिंत पातळ होती.

“नवरा?”

“हायेत ना. भायेर उभे हायेत.”

“पेते?”

“नाई जी.”

“मारते?”

“मलेच वाटते कधी कधी, त्याले मारावं. येवढं हळू काम करते.”

“दुसरी बाई-गिई?”

“पहिलीसंग बोलाले त्याले दोन दोन दिवस लागते जी.”

भाऊंचा मोठा उसासा ऐकू आला. “मंग कसं विकायचं बाई?”

त्यांनी मार्ग काढला. नाटकात एखादं पात्र कथेच्या आड येत असलं की लेखक त्याला दुसऱ्या गावाला पाठवतो. भाऊंनी वासुदेवाला पाठवलं. त्या दुपारी घोंगडीखाली बराच वेळ हुंदके चालले आणि संध्याकाळी भोंग्यातून आवाज घुमला : “सोडून गेला धनी, पन सोडली नाई तिनं चटनी! ऐका हो मायबाप, एका एकटीची कहाणी!” ब्रँडचं नाव ठरलं ‘एकटीची चटणी’. पाकिटावर चित्र : उखळाजवळ पाठमोरी बसलेली बाई, आजूबाजूला कोणी नाही.

इंदूबाईंनी विचारलं, “हे कोन एकटी?”

“ब्रँड हाये बाई. ब्रँडले नवरा नसते.”

वासुदेवालाही विचारण्यात आलं. त्यानं थोडा विचार केला. “चटणी खपत असन तं खपू द्या,” तो म्हणाला. आपण कोणत्या गोष्टीला होकार देत आहोत, हे त्या वेळी तिघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं.

चटणी खपली. सावलीत खपली, मूल गावात खपली, बल्लारपूरच्या कॉलन्यांमधून मागणी आली. सरकारी कचेऱ्यांतल्या ताई ती घेऊ लागल्या आणि पाकीट हातात धरून फोटो काढू लागल्या. परित्यक्तेच्या हातची चटणी खाल्ली की जेवणाबरोबर सामाजिक कार्यही होतं. एका घासात दोन्ही. काही जणी थेट गावात जाऊन इंदूबाईंना भेटायला लागल्या, त्यांचा हात हातात घेऊन “तुम्ही खचू नका” म्हणायला लागल्या. इंदूबाई खचलेल्या नव्हत्या, पण तसं दिसायला त्या हळूहळू शिकल्या.

अडचण वासुदेवाची झाली. गावात अनोळखी गाडी शिरली की त्यानं मुसळ ठेवायचं आणि गोठ्यात जायचं, असा नियम पडला. तो त्यानं मनापासून पाळला.

महिला दिनाच्या पुरवणीसाठी मला तिथं पाठवलं होतं. ‘एकटीची भरारी’ असा मथळा मुख्यालयानं आधीच ठरवून ठेवला होता. मजकूर तेवढा आणायचा होता. गल्लीच्या तोंडाशी मुसळाचा आवाज येत होता. मोटारसायकल थांबली आणि आवाज थांबला. इंदूबाई बाहेर आल्या. हात कोरडे, स्वच्छ. ओसरीवर बसलो. थोड्या वेळानं मधल्या दाराच्या फटीतून चहाचा कप पुढे आला. हात पुरुषाचा होता आणि मनगटापर्यंत जवसाच्या कुटानं माखलेला होता.

“हे कोण?”

“शेजारचे हायेत जी,” इंदूबाई म्हणाल्या.

आतून आवाज आला, “साखर कमी तं नाई झाली, इचार वं त्याईले.”

मी मुख्यालयाला कळवलं, की बाईचा नवरा घरीच आहे आणि चहा बरा करतो. पलीकडच्या उपसंपादकानं विचारलं, “नवरा घरी आहे, ही बातमी कशी होईल?” त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पुरवणीत त्या जागी दुसऱ्या एका एकटीचा फोटो लागला.

दिवाळी उलटली आणि इंदूबाईंच्याच गावची मंडई आली. मंडईला घरात पाहुणे असतात. बहिणी, मेव्हणे, साळे, त्यांची पोरं. घरचा माणूस दारात उभा राहून त्यांना पाय धुवायला पाणी देतो, पंगतीला बसवतो आणि आग्रह करून वाढतो. वर्षातून एकदा मिळणारा हा मान आहे आणि गरिबातला गरीब माणूसही तो सोडत नाही. त्या वर्षी मंडईत ‘एकटीची चटणी’चा स्टॉल होता, भाऊंचा भोंगा होता आणि चंद्रपूरहून गाडी करून आलेल्या काही ताई होत्या. ताईंना एकटीचं घर पाहायचं होतं. म्हणून पाहुण्यांना पाणी इंदूबाईंच्या भावानं दिलं, आणि वासुदेव गोठ्यात जेवला.

दुपारी तो स्टॉलवर पाकिटांचं पोतं आणून टाकत होता. एका ताईंनी सहज विचारलं, “दादा, तुम्ही बाईंचे कोण?”

“हमाल हाये जी,” वासुदेव म्हणाला.

आजूबाजूला उभी असलेली गावची माणसं हसली. वासुदेवही थोडा हसला आणि दुसरं पोतं आणायला वळला. इंदूबाईंच्या हातात सुटे पैसे होते. ते त्यांनी त्या ताईंना दिले नाहीत. मग स्टॉलवर कापड टाकलं आणि घरी निघून गेल्या. भोंगा सुरूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाऊंच्या गाळ्यात होत्या. या वेळी मी भिंतीअलीकडे नव्हतो. भाऊंनीच हाक मारली होती; नवीन जाहिरात मला वाचून दाखवायची होती. ती वाचायची राहिली.

“माह्या नवऱ्याले परत आना,” इंदूबाई म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. “आनतो ना बाई! दुसऱ्या अंकात आनतोच. पश्चात्ताप करून येते तो. पायरीवर डोकं ठेवते, तुम्ही तोंड फिरवता…”

“गेलाच नाई तं पश्चात्ताप कायचा करन?”

“एक सीझन दम धरा. ऐन रंगात आली हाये…”

“सीझनभर कुठी ठेवू त्याले? धानाच्या ढोलीत?”

भाऊ हसले. इंदूबाई हसल्या नाहीत.

“राती मी त्याले मनलं, असं काऊन सांगतलं जी लोकाईले? तं मनते, खरं सांगतलं असतं तं तुह्या धंद्याचं नुकसान झालं असतं. लगन झालं तवापासून भाऊ, एक रात मले घरी एकटी ठेवून गावाले गेला नाई तो. मायच्या दसव्याले गेला तं संध्याकाळी परत आला. अन् आता माह्याच घरात लपून राह्यते. मले नाई पायजे असा धंदा. पन तुम्ही सांगतलं हाये गावोगावी, तुम्हीच परत सांगा.”

त्या दिवशी भाऊंनी आपला ठरलेला प्रश्न विचारला नाही. चष्मा खाली घेतला, टेबलावरचा नव्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि म्हणाले, “बाई, उद्या वासुदेवले चांगला शर्ट घालून पाठवा.”

आमच्या धंद्यात चूक पहिल्या पानावर होते आणि दुरुस्ती आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, हवामानाच्या शेजारी. वाचकाला ती सापडू नये याची नीट काळजी घेतली जाते. भाऊंना ही पद्धत माहीत नव्हती. खोटं ज्या रस्त्यानं गेलं होतं त्याच रस्त्यानं ते ऑटो घेऊन निघाले. तीच गावं, तेच बाजार, तोच भोंगा, तेवढाच आवाज. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला वासुदेव, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हातांनी दांडा धरून. संगीत नाही, हुंदका नाही. भाऊंनी मोबाइल वापरला नाही, माइक तोंडाशी धरून ते स्वतः बोलत होते.

“ऐका हो! चटणीवाल्या इंदूबाईचा नवरा घरी हाये. कधीच गेला नव्हता. मी खोटं सांगतलं होतं. हा पाहा, इथी बसला हाये. चटणी हाच कुटते.”

सत्याचा परिणाम लगेच दिसला. मागणी निम्म्यावर आली. चंद्रपूरच्या एका ताईंनी पाकिटं परत पाठवली. नवरा चांगला असताना ही चटणी घ्यायचीच कशाला, असा त्यांचा सवाल होता. आपली फसवणूक झाली असं कित्येकांना वाटलं. इंदूबाई सुखी आहेत, हे काही लोक त्यांना माफ करायला तयार नव्हते. सावलीच्या दुकानदारांनी भाऊंना समजावलं, की धंद्यात असं कोणी करत नाही. जो आपली जाहिरात खोटी होती म्हणून ओरडत फिरतो, त्याच्याकडे जाहिरात द्यायला कोण जाणार? एकटे रहीमभाई आले. “भाऊ, जाता जाता मेरी बेटी घरमेंच है, यह भी बोल दो,” म्हणाले. भाऊंनी तेही सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात गाळ्याचं शटर खाली आलं ते खालीच राहिलं. भाऊ मुलचेरा गावी मुलीच्या घरी गेले. मागच्या पावसाळ्यात तिकडेच वारले. बातमी उशिरा आली आणि आतल्या पानावर दोन ओळींत बसली. गाळ्यात आता एक तरुण बसतो. त्याच्याकडे गोल दिवा आहे, कॅमेरा आहे, आणि तो दुकानदारांना त्यांच्या संघर्षाची कहाणी विचारतो. काम बरं चालतं. इंदूबाईंची चटणी साध्या पाकिटात येते. वर नुसतं ‘जवसाची चटणी’ आणि खाली दोघांची नावं. जेवढी कुटली जाते तेवढी खपते.

त्या फेरीच्या शेवटच्या दिवशी मी मोटारसायकलवर ऑटोच्या मागं होतो. नदीजवळचं शेवटचं गाव आलं आणि भोंग्याची बॅटरी उतरली. ड्रायव्हर म्हणाला, “राहू द्या जी, येवढं एक गाव सुटलं तं काय होते?” भाऊ खाली उतरले. वासुदेवालाही उतरवलं. आणि ते दारोदार निघाले, पुढे भाऊ, दोन पावलं मागे वासुदेव. प्रत्येक दारात तेच, बसक्या आवाजात : “बाई, भोंग्यावर सांगतलं होतं ते खोटं होतं. हा इंदूबाईचा नवरा. घरीच असते.” कोणी नुसतं पाहायचं, कोणी दार लावून घ्यायचं. वासुदेव प्रत्येक दारात हात जोडायचा.

गावाच्या टोकाला एक म्हातारी ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. भाऊंनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग वासुदेवाकडे वरपासून खालपर्यंत बराच वेळ पाहिलं.

“असं उनात काऊन हिंडवून राह्यला बापा त्या मानसाले?” ती भाऊंना म्हणाली. “बसा दोघंबी.”

तिनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि गडूभर पाणी आणून आधी वासुदेवाच्या हातात दिलं. तो ओसरीवर टेकून, मान मागे करून, घटाघट प्यायला. भाऊ शेजारी बसले होते. घसा पार बसला होता त्यांचा. वासुदेवाचं पाणी पिऊन होईपर्यंत ते थांबले, आणि मग रिकामा गडू घ्यायला त्यांनी हात पुढे केला.